सात की साठ: श्रवणयंत्रांच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: तुम्ही नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात. आजोबांसाठी घेतलेले महागडे श्रवणयंत्र महिनाभरातच कपाटात गेले, आणि ते पाहून बहिरेपणा व श्रवणयंत्रे या विषयात संशोधन करावे असे तुमच्या मनाने घेतले. आता अभियांत्रिकी अर्धवट सोडून बीएएसएलपीला, म्हणजे श्रवण आणि वाचा या विषयांतल्या पदवी अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्यावा, की पदवी पुरी करून पुढे मार्ग निघतो, आणि नागपुरात राहून यातले काही जमण्यासारखे आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली २२ वर्षे नागपुरात श्रवणतपासणीचे आणि यंत्रे बसवून देण्याचे काम करते. मधल्या काळात अभियंत्यांबरोबर दोन संशोधन प्रकल्पांत तपासणीची बाजू सांभाळली, त्यामुळे दोन्हीकडची माणसे कुठे अडतात हे जवळून पाहिले आहे. तरीही माझे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून राहील आणि त्या फक्त तुम्हालाच ठाऊक आहेत: पाच-सहा वर्षे शिष्यवृत्तीवर काढणे घरच्यांना परवडेल का, नागपूर सोडायची तयारी आहे का, आणि रुग्णासमोर तासन्‌तास बसायला आवडते की संगणकासमोर. शेवटची गोष्ट लोक फारशी तपासून पाहत नाहीत आणि पुढे तीच अडते.

पदवीकडे मी नंतर येते, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. आजोबांनी यंत्र का काढून ठेवले, हे तुम्ही लिहिलेले नाही. या विषयात कोणत्या दाराने शिरायचे हे त्या कारणावर ठरते, म्हणून एक उदाहरण देते.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक कॉटन मार्केटमध्ये भाजी घ्यायला जातात. विक्रेता ‘साठ’ म्हणतो, त्यांना ‘सात’ ऐकू येते, ते दहाची नोट पुढे करतात आणि आजूबाजूचे हसतात. आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही असे मुळीच नाही. दोन्ही शब्दांतला ‘आ’ हा स्वर खणखणीत आणि खालच्या वारंवारितेचा (फ्रीक्वेन्सीचा) आहे, तो त्यांना उत्तम ऐकू येतो. फरक आहे तो शेवटच्या व्यंजनाच्या काही मिलिसेकंदांच्या स्फोटात आणि त्याआधी स्वराला बसणाऱ्या किंचित मुरडीत, आणि ही सगळी खूण वरच्या वारंवारितेत, अगदी दबक्या आवाजात असते. वाढत्या वयाचा श्रवणदोष नेमका वरच्या वारंवारितेपासून सुरू होतो. म्हणून आमच्या खोलीत रोज ऐकू येणारे वाक्य ‘ऐकू येत नाही’ असे नसून ‘ऐकू येते, पण समजत नाही’ असे असते.

या एका ‘सात-साठ’कडे तीन संशोधक तीन प्रकारे पाहतात. पहिला विचारतो की आतल्या कानात नेमके काय मेले. दुसरा विचारतो की राहिलेल्या श्रवणशक्तीत हा फरक बसवायचा तर ध्वनीवर कोणती प्रक्रिया करावी. तिसरा विचारतो की हे गृहस्थ घरी, बाजारात, लग्नाच्या मांडवात प्रत्यक्षात काय ऐकतात, आणि आमच्या चाचणीत ते दिसते का. पहिला रस्ता जीवशास्त्राचा, दुसरा तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आणि तिसरा आमच्या ऑडिऑलॉजीचा, म्हणजे श्रवणशास्त्राचा.

आधी तुमच्या रस्त्याबद्दल, आणि स्पष्टच सांगते: अभियांत्रिकी सोडू नका. बीएएसएलपी हा एक वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि एम.एस्सी. ऑडिऑलॉजीला प्रवेश घ्यायचा तर आधी तीच पदवी लागते, त्यामुळे बी.टेक.नंतर थेट तिकडे उडी मारता येत नाही. ही चार वर्षे नव्याने देण्याला अर्थ आहे तो रुग्ण तपासण्याचा, त्याला यंत्र बसवण्याचा परवाना तुम्हाला स्वतःला हवा असेल तरच, कारण त्या कामासाठी १९९२ च्या कायद्याखालची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. यंत्राच्या आतल्या प्रक्रियेवर संशोधन करण्यासाठी अशी नोंदणी लागत नाही. लागतो तो सोबतीला एक चांगला ऑडिऑलॉजिस्ट, आणि माणसांवर प्रयोग करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी.

यंत्राचे काम बाहेरून सोपे वाटते: मायक्रोफोन, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि कानाकडे तोंड केलेला छोटा स्पीकर, ज्याला आम्ही रिसीव्हर म्हणतो. पण तुमच्या आजोबांशी हळू बोलले की ते ‘काय?’ म्हणतात आणि थोडे मोठ्याने बोलले की ‘ओरडतेस कशाला?’ म्हणतात, हे तुम्ही अनुभवले असेलच. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत, म्हणजे कॉक्लियात, ध्वनी टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आतल्या आणि सुमारे १२,००० बाहेरच्या केसपेशी असतात. बाहेरच्या पेशी हळू आवाज उचलून धरतात, मोठ्या आवाजाला त्या फारसा हात लावत नाहीत. त्या गेल्या की हळू आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज मोठाच लागतो, आणि मधली सगळी जागा आक्रसते. म्हणून यंत्राला हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवावा लागतो, तोही प्रत्येक वारंवारितेत वेगळ्या प्रमाणात. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. ते किती वेगाने चढावे आणि किती वेगाने उतरावे यावर वर्षानुवर्षे संशोधन चालले आहे आणि अजून सगळ्यांचे एकमत झालेले नाही.

त्यात अभियंत्याला आवडेल अशी कोंडी आहे. आवाज यंत्रात शिरून बाहेर पडेपर्यंतचा उशीर साधारण ५ ते ८ मिलिसेकंदांत बसवावा लागतो. तो १० च्या पलीकडे गेला की माणसाला स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटू लागतो. सगळा पसारा चालतो तो वाटाण्यापेक्षा लहान सेलवर, सुमारे १.४ व्होल्ट दाबावर, एखाद्या मिलिअ‍ॅम्पियरच्या आसपासच्या प्रवाहात. लॅपटॉपवर गोंगाटातून बोलणे सुरेख वेगळे करून दाखवणारे न्यूरल नेटवर्क मला दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी हौसेने ऐकवतो. ते कानामागे मावेल का, दिवसभर चालेल का, असे विचारले की गप्प होतो. पूर्ण डिजिटल यंत्रे १९९६ च्या सुमारास बाजारात आली, आणि तेव्हापासूनची बहुतेक लढाई उशीर आणि वीज या दोनच गोष्टींशी आहे.

या बाजूला यायचे तर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एम.टेक. किंवा पीएच.डी. हा सरळ रस्ता आहे. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात श्रवणयंत्रांसाठीच्या वाक्‌-प्रक्रियेवर अनेक वर्षे काम झाले आहे. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेत ऑडिऑलॉजीबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचाही विभाग आहे. प्रवेशापर्यंत थांबायचीही गरज नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या गटाची ‘ओपनएमएचए’ ही श्रवणयंत्राची खुली संगणकप्रणाली आजच तुमच्या लॅपटॉपवर चालवता येते, आणि इंग्लंडमधून सुरू झालेल्या, श्रवणयंत्रांसाठीच्या ‘क्लॅरिटी’ स्पर्धांची ध्वनिसामग्री अभ्यासाला मिळते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यातूनच करा. लाइन फॉलोअर रोबो पुष्कळ झाले.

जीवशास्त्राच्या रस्त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो तुमच्यासाठी सर्वांत लांबचा आहे. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, हे १९८० च्या दशकात कळले आणि तेव्हापासून माणसातही हे घडवण्याची आशा आहे. त्यासाठीच्या एका अमेरिकी औषधाची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२३ मध्ये निष्फळ ठरली. उलट ओटोफर्लिन या एका जनुकातल्या दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर शांघायमध्ये जनुकोपचार झाले, आणि त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की मोठ्या आवाजानंतर श्रवणपातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड मोठ्या प्रमाणावर कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे ऑडिओग्राम (तपासणीतून निघणारा श्रवणपातळीचा आलेख) स्वच्छ, तरीही आत नुकसान. माणसात हे कसे ओळखायचे यावर अजून वाद चालू आहे.

आता तिसरा रस्ता. माझे मत इथे थोडे पक्षपाती आहे हे कबूल करून लिहिते: नागपुरात बसून ज्यात खरोखर नवे काही करता येईल असे मला वाटते, तो हा आहे.

बरीच वर्षे झाली. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार तपासणीला आले. शब्द ओळखण्याच्या चाचणीत आम्ही २५ शब्द ऐकवतो, प्रत्येकाला ४ टक्के. मी ‘डोळा’ म्हटले, ते म्हणाले ‘डोया’. ‘केळी’ला ‘केयी’, ‘काळा’ला ‘काया’, ‘जवळ’ला ‘जवय’. मी चारही ठिकाणी फुली मारली, गुण १६ टक्क्यांनी घसरले, आणि त्या आकड्यावर विसंबून मी यंत्राची वरची वारंवारिता चांगलीच वाढवून दिली. आठ दिवसांनी ते परत आले. ताटवाटीचा आवाज डोक्यात जातो, यंत्र शिट्टी मारते, हे तुमचे तुम्हीच ठेवा, असे म्हणाले. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर बसलेली त्यांची मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती की बाबांच्या ‘डोयाचं’ ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे आहे. मी आयुष्यभर नागपुरात राहिलेली, वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण कानाला हेडफोन आणि हातात छापील यादी आली की तपासणारा यादीच्या भाषेतच ऐकू लागतो. त्या गृहस्थांनी चारही शब्द अचूक ऐकले होते आणि आपल्या बोलीत परत म्हटले होते. चूक माझ्या कानाची होती. मी यंत्र पुन्हा खाली आणले आणि पुढे ते त्यांनी वापरले.

यातून निघणारा प्रश्न लहान दिसतो, पण तो सोडवायला पीएच.डी.ची चार-पाच वर्षे सहज लागतील: वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडीबोली बोलणाऱ्यांसाठी शब्दांच्या आणि गोंगाटातल्या वाक्यांच्या चाचण्या कशा असाव्यात, त्यांचे गुण कसे मोजावेत, आणि ‘बोलीचा फरक’ व ‘ऐकण्याची चूक’ या दोन गोष्टी संगणकाला आपोआप वेगळ्या करता येतील का. शेवटचा भाग तुमच्यासारखी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनीच करू शकेल.

दुसरी अडचण कूलरची. यंत्र काढून ठेवल्याच्या तक्रारी माझ्याकडे दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत वाढतात. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला की घरोघरी खिडकीत डेझर्ट कूलर घोंघावू लागतो, आणि बसायच्या खोलीत त्याचा आवाज ६० डेसिबलच्या पुढे सहज जातो. साधे बोलणेही साधारण तेवढेच असते. म्हणजे बोलणे आणि गोंगाट जवळजवळ बरोबरीत. निरोगी कानाचा माणूस अशा बरोबरीतही वाक्य पकडतो, पण केसपेशी गेलेल्याला बोलणे गोंगाटापेक्षा बरेच डेसिबल वर लागते. दिशा ओळखणारे मायक्रोफोन समोरचे उचलून मागचे दाबतात, पण आजोबा बसतात कूलरच्याच झोतात, बहुधा त्याच्याकडे तोंड करून. त्यात जस्त-हवेवर चालणारे सेल त्या कोरड्या हवेत लवकर सुकतात, म्हणजे थंडीच्या दिवसांत आठवडाभर चालणारा सेल मे महिन्यात आधीच मान टाकतो. आता चार्ज होणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे हे दुखणे कमी झाले आहे. पण कूलरच्या आवाजावर गोंगाट कमी करण्याची प्रक्रिया नेमकी कशी वागते, हे मोजण्यासारखे आहे.

याखेरीज विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्या आजारात अंतर्कर्णाचा श्रवणदोष जास्त आढळतो, हे माहीत असूनही त्यांची श्रवणतपासणी नियमाने होताना मला दिसत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतून, कोळसा खाणींतून येणाऱ्या कामगारांच्या ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी पडलेला खड्डा मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात, तर इतरत्र बऱ्याच ठिकाणी ८५ ची. गोंगाट मोजण्याचे काम करणारी नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, मेडिकल, मेयो आणि एम्स ही रुग्णालये आहेत, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे. माणसे एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. त्यांना एका टेबलाशी आणणारा कोणी लागतो आणि ते काम कटकटीचे आहे.

पैशाचे आणि नोकरीचे न बोलणे अप्रामाणिक होईल. संशोधन शिष्यवृत्तीचा दर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, अधिक घरभाडे, असा आहे. तुमच्याबरोबरचे मित्र तोवर पुण्यात सदनिकेचे हप्ते भरत असतील, हे डोळ्यांसमोर ठेवा. श्रवणयंत्रांचा जागतिक बाजार मोजक्या पाच मोठ्या समूहांच्या हाती आहे आणि त्यांच्या मुख्य प्रयोगशाळा डेन्मार्क, स्वित्झर्लंड, अमेरिका अशा ठिकाणी आहेत, त्यामुळे उद्योगातले संशोधन करायचे तर परदेशाचा विचार करावा लागेल. मात्र अमेरिकेने २०२२ मध्ये सौम्य ते मध्यम दोषासाठीची यंत्रे डॉक्टरी चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये बाजारातल्या एका इअरफोनलाच श्रवणयंत्रासारखे वापरायची मुभा मिळाली. त्यामुळे ध्वनी-प्रक्रिया जाणणाऱ्या अभियंत्यांना फोन बनवणाऱ्यांकडेही दार उघडले आहे. आपल्याकडेही बंगळुरूच्या ‘सोहम’ने नवजात बालकांच्या तपासणीचे उपकरण २०१७ मध्ये आणले, म्हणजे इथे काही होतच नाही असेही नाही. शिकवण्याच्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांची वाट पाहावी लागते.

तेव्हा तुमच्या तीन प्रश्नांना माझी उत्तरे अशी: पदवी पुरी करा. गेटची तयारी लावा आणि सोबत श्रवणशास्त्राची मूलतत्त्वे वाचा, निदान डेसिबलची ‘एचएल’ (निरोगी कानाच्या तुलनेतली पातळी) आणि ‘एसपीएल’ (ध्वनीचा प्रत्यक्ष दाब) ही दोन मापे एक नव्हेत एवढे तरी, कारण अभियंत्यांचे पहिले निबंध बहुधा तिथेच घसरतात. उच्चशिक्षणासाठी काही वर्षे नागपूर सोडावे लागेल असे धरून चाला. मात्र संशोधनाचा विषय इथूनच घेऊन जा. बीएएसएलपीचा विचार, रुग्ण तपासण्याची ओढ खरोखर आहे असे कळल्यावरच करा. ते कळण्यासाठी येत्या सुट्टीत एखाद्या श्रवणतपासणी केंद्रात परवानगी घेऊन पंधरा दिवस कोपऱ्यात बसा. चौथ्या दिवशी कंटाळा आला, तर तेही उत्तरच आहे.

आणि आज घरी गेल्यावर कपाटातले ते यंत्र बाहेर काढा. रिसीव्हरच्या तोंडाशी मळ साचला आहे का बघा, नवा सेल घाला, घालण्याआधी त्यावरचा कागद काढून मिनिटभर तो उघडा ठेवा. आठवडाभर आजोबांना ते घालायला सांगा, आणि ते ज्या ज्या वेळी काढतील ती वेळ, खोलीत तेव्हा काय चालू होते आणि काढताना ते काय म्हणाले, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. ती वही मला दाखवायची असेल तर जरूर दाखवा, यंत्राच्या सेटिंगचे आपण त्यावरून बघू.